चादरीवरचा मेंढा आणि अडकलेलं अपडेट

माझं दुकान सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर दुरुस्ती' लिहिलंय, पण खरं विचाराल तर माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या टेबलाशी बसून पडद्यावरचं गोल फिरणारं चक्र बघण्यात गेलं. 'अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.' सोलापूरचा माणूस सिग्नलचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही, पण हे वाक्य दिसलं की भलेभले गप उभे राहतात. एका अत्तराच्या दुकानातले भाई तर मशीनच्या खोलीत चपला काढून जायचे. एका निवृत्त बाईंनी अपडेट पुढे सरकावं म्हणून टेबलावरच नारळ फोडला. देव प्रसन्न झाला असेल, पण नारळाचं पाणी कीबोर्डात गेलं आणि मला नवीन कीबोर्ड घेऊन जावं लागलं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा घरकारभारी. कुठली वस्तू कुठे, कुणी कधी काय करायचं, हे सगळं तो बघतो. त्याच्यात सुधारणा म्हणून मधूनमधून जे नवं सामान येतं ते अपडेट. नवं मशीन ते सहज पचवतं. जुन्याच्या पोटात जागा नसते, डिस्क थकलेली असते, आत धूळ साचून मशीन तापतं आणि मध्येच मान टाकतं. मग निम्मा कारभार जुना, निम्मा नवा, आणि घर कुणाच्याच ताब्यात नाही. लोक म्हणतात, अपडेट अडकलं.

मी फोनवर पहिला प्रश्न विचारते, "डब्यावरचा बारका दिवा लुकलुकायलाय का?" लुकलुकत असेल तर आतली डिस्क काम करतेय. चहा प्या, हात लावू नका. दिवा बराच वेळ मेल्यासारखा असेल तर मी स्कूटर काढते. कधी थांबायचं आणि कधी हात घालायचा, एवढीच आमची विद्या. ऐकायला सोपी वाटते. ती शिकता शिकता माझे केस पिकले, आणि तरीही त्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझी पार तारांबळ उडाली. ती गोष्ट मी आजवर तोंडी इतक्यांदा सांगितली आहे की आता एकदा लिहूनच टाकते.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी नरसय्या शेठचा फोन आला. शेठचा एमआयडीसीत चादरींचा कारखाना. ते आमच्या तेलुगू विणकरांतले, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. एरवी माझ्याशी मराठीत बोलतात, पण घाबरले की घरची भाषा येते.

"तोंदरगा रा, अम्मा," ते म्हणाले. लवकर ये.

"दिवा लुकलुकायलाय का, शेठ?"

"दिव्याचं सोड. इथं मेंढा आलाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. स्कूटर काढली आणि गेले.

चूक झाली नव्हती. कारखान्याच्या पुढच्या खोलीत, जिथं चादरींची डिझाइनं काढायचा कॉम्प्युटर असतो, तिथं टेबलाच्या पायाला एक चांगला दांडगा मेंढा बांधला होता. शिंगं वळून गालापर्यंत आलेली. समोर स्टुलावर एक उंच, सडपातळ बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि नजर अशी की आपण काही केलं नसलं तरी माफी मागावी वाटावी. टेबलाशी रहेमानचाचा बसले होते. चाचा शेठकडे गेली कित्येक वर्षं चादरींची डिझाइनं काढतात. आधी आलेखाच्या कागदावर काढायचे, मग या कॉम्प्युटरवर शिकले. पडद्यावर चक्र फिरत होतं आणि खाली तीस टक्के असा आकडा होता.

"बेटी, मै कुच नै किया," चाचा मला बघून म्हणाले. "उने खुद बंद हुआ, खुद चालू हुआ, अब ये बैठा है."

"मी दाबलं ते," शेठ भिंतीकडे बघत म्हणाले. "ते विचारत होतं, आत्ता करू का नंतर. मी म्हटलं काम वेळेवर केलेलं बरं."

हळूहळू सगळा प्रकार कळला. त्या बाई म्हणजे हौसाबाई, नातेपुत्याजवळच्या एका वस्तीवरच्या. मेंढरांचं घर. भाचा बिरू लहानपणीच आईवेगळा झाला, त्याला या आत्यानं वाढवला. बिरू शिकला, नोकरीला लागला, आणि बरोबर शिकणारी सोलापूरची ऋतुजा नावाची मुलगी त्यानं पसंत केली. परवा लग्न. बोलणी चालली असताना मुलीची आई सहज बोलून गेली होती, "म्हणजे आमच्या पोरीला तुम्ही घोंगडीवर बसवणार का?"

हौसाबाईंच्या लोकांत लग्नाला नवरा-नवरीला घोंगडीवर बसवायचा मान असतो.

"घरी आल्यावर मला झोप येईना," हौसाबाई मला म्हणाल्या. "मग म्हनलं, बसवू की चादरीवर. सोलापूरची चादर त्येंची, आन् त्येच्यावर मेंढा आमचा. घोंगडीवर चादर टाकायची. बघू मग कोन काय बोलतंय ते."

अशी एकच चादर कोण विणून देणार? सगळ्या कारखान्यांतून त्यांना मोराच्या, फुलांच्या चादरी दाखवल्या. नरसय्या शेठ एकटेच हो म्हणाले, कारण त्यांना या बाईंना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. चाचांनी मेंढा काढून फोटो पाठवला. हौसाबाईंचा निरोप आला, "ह्ये कुत्रं हाय." दुसरा काढला. "ह्ये शेरडू हाय." शेवटी त्या वैतागल्या, आणि त्या सकाळी बिरूला पिकअप काढायला लावून खराखुरा मेंढाच घेऊन आल्या. मेंढ्याचं नाव गेंद्या. गेंद्याला समोर बघून चाचांनी डिझाइन पुरं करत आणलं, हौसाबाई म्हणाल्या, "व्हय, ह्योच," आणि त्याच घटकेला शेठनी ते बटण दाबलं.

"चाचा, फाईल सेव्ह केली होती का?" मी विचारलं.

चाचांनी कानाला हात लावला. "याद नै, बेटी. मै तो मेंढे को देख रा था."

मी खाली वाकून दिवा बघितला. लुकलुकत होता. "काम चाललंय," मी म्हणाले. "थांबायचं."

"किती थांबायचं?" शेठनी विचारलं.

"ते मशीन ठरवणार."

हौसाबाईंनी मान हलवली. "मेंढी व्यायला बसली की असंच अस्तंय. येळ लागला म्हनून लगीच हात घालायचा न्हाय. आन् लई येळ झाला तर घातल्याबिगर भागत न्हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढी वर्षं मी गिऱ्हाइकांना जे समजावून सांगत आले ते या बाईंना सांगावंच लागलं नाही. मी दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघी पडदा बघू लागलो.

आकडा एकतीस झाला. मागे टाळ्या पडल्या. वळून बघते तर दारात विणकर जमले होते. माग चालू ठेवून एकेक जण डोकावून जात होता. आत मागांचा खडखडाट, त्यामुळे प्रत्येक जण ओरडूनच विचारायचा, "किती झालं?" आणि खोलीतला कुणीतरी ओरडून सांगायचा. चौतीसला शेठनी चहा मागवला. चाळिसाला भजी आली. गेंद्यानं एक भजं खाल्लं, दुसरं नाकारलं. सगळ्यांना कशानं हसू येत होतं कुणास ठाऊक, पण येत होतं. चाचा तेवढे डोळे मिटून बसले होते.

मग आकडा थांबला. दिव्याची लुकलुक मंदावली. मी डब्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. तवा तापावा तसा तापला होता. असं मशीन स्वतःला वाचवायला एकाएकी बंद पडतं, आणि मध्येच बंद पडलं की मी मघा सांगितलं ते, ना जुना कारभार ना नवा. आता हात घालायची वेळ होती.

चालू मशीनचा बाजूचा पत्रा मी सावकाश काढला. आतला पंखा दिसेना. कारखान्यात सुताची पूस, म्हणजे बारीक तंतू, हवेत उडत असते, ती वर्षानुवर्षं आत जाऊन बसली होती. पंख्याभोवती नुसती पांढरी गादी.

हौसाबाई वाकून बघत म्हणाल्या, "ह्येच्यात बी लोकर हाय की."

एवढं ऐकलं आणि मला हसू आवरेना. शेठ हसले, विणकर हसले, चाचांनीही डोळे उघडले. हसताना हात हलेल म्हणून मला थोडा वेळ पत्रा धरून नुसतं उभं राहावं लागलं. मग मी चिमट्यानं आतली पूस काढायला लागले, आणि हौसाबाई बाहेरच्या जाळीतली काढायला लागल्या. मी सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुटं हात लावायचा न्हाय तेवडं सांग." मी दाखवलं. त्यांची बोटं जाळीवरून अशी फिरत होती की एक तंतू राहिला नाही. शेठनी स्वतःचा टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला. आतला पंखा घरघरला, मोकळा झाला, वेगानं फिरू लागला. दिवा पुन्हा लुकलुकला. बेचाळीस. पन्नास. एकदम सत्तर. दारातला विणकर आत धावला आणि मागांच्या आवाजावर ओरडला, "सत्तर!"

आणि लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. एमआयडीसीतली ती शांतता ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगता येणार नाही. कानात दडे बसल्यासारखं वाटतं. त्या शांततेत टेबलाखालून एक बारीक आवाज यायला लागला. टीं. टीं. तो यूपीएसचा, म्हणजे लाईट गेल्यावर मशीनला थोडा वेळ जगवणाऱ्या बॅटरीच्या डब्याचा. गेंद्याला तो आवाज आवडला असावा. डबा टीं म्हणाला की तो बँ म्हणायचा. टीं, बँ. टीं, बँ.

"ही बॅटरी किती वेळ चालंल?" हौसाबाईंनी विचारलं.

"जुनी आहे. फार नाही." मी सगळ्यात आधी पडद्याचं बटण बंद केलं. पडदा बरीच वीज खातो, आणि आपण बघत असलो काय, नसलो काय, आतलं काम चालू राहतं. पण पडदा काळा झाल्यावर शेठनी डोकंच धरलं.

तेवढ्यात बिरू आत आला. तो पिकअपमध्ये बसून लग्नाचे फोन घेत होता. त्यानं टीं आणि बँ दोन्ही ऐकलं आणि काय झालंय ते आत्याकडून दोन वाक्यांत समजून घेतलं.

"ताई, पिकअपची बॅटरी चालेल का? माझ्याकडं जंपर केबल हाय."

मी विचार केला. यूपीएसच्या आतली बॅटरी बारा व्होल्टची, गाडीचीही बारा. जमायला हवं. पण जमायला हवं आणि जमलं यांच्यात चूक व्हायला पुष्कळ जागा असते. उलटी वायर लागली तर यूपीएस जळेल, मशीन जाईल, मेंढा जाईल, आणि चाचांनी इतक्या वर्षांत काढलेली सगळी डिझाइनं त्याच डिस्कवर होती, तीही जातील. मी चाचांकडे बघितलं.

"तुम्ही सांगा, चाचा."

चाचा गेंद्याकडे बघत म्हणाले, "लगा दे, बेटी. उस्ताद भी राजी दिखरा."

बिरूनं पिकअप वळवून तिचं तोंड थेट खिडकीला भिडवलं. गजांतून केबल आत आली. मी यूपीएसचं झाकण काढलं, आणि तांबडी कुठली, काळी कुठली हे मोठ्यानं बोलत बोलत वायरी लावल्या, म्हणजे चुकले तर कुणीतरी टोकेल. एक ठिणगी उडाली. पण आवाज बदलला नाही. टीं, बँ, तसंच चालू राहिलं. बिरूनं पिकअपचं इंजिन चालू केलं आणि ॲक्सिलेटरवर हलका पाय ठेवून बसून राहिला. परवा बोहल्यावर चढायचं असलेला नवरदेव खिडकीबाहेर गाडीत बसून एका जुन्या कॉम्प्युटरला श्वास पुरवत होता. हे घरी सांगू नका, करूनही बघू नका. मी पुन्हा करणार नाही.

खोलीत पडदा काळा, सगळे उभे, आणि सगळ्यांच्या नजरा करंगळीच्या नखाएवढ्या दिव्यावर. आता डिस्कची कुरकुरसुद्धा ऐकू येत होती. कुणी आकडा विचारला नाही. मला एका बाजूनं घाम फुटला होता आणि दुसऱ्या बाजूनं हसू फुटत होतं. शेवटी दिवा विझला. सगळा डबा गप झाला. मग एकदम 'टिक' वाजलं आणि तो पुन्हा सुरू झाला. अपडेट संपताना मशीन स्वतःला असं एकदा झोपवून उठवतं.

मी पडदा चालू केला. 'स्वागत आहे' अशी अक्षरं आली.

खोलीत जो कल्ला झाला त्यानं बिरू घाबरून इंजिन बंद करायला निघाला, त्याला सगळ्यांनी ओरडून थांबवलं.

चाचांनी डिझाइनचा प्रोग्राम उघडला. प्रोग्रामनं विचारलं, मघाचं अर्धवट काम परत आणू का? बरेच प्रोग्राम मधूनमधून आपली आपण एक प्रत ठेवत असतात. चाचांनी हो म्हटलं. मेंढा आला. तेच गुबगुबीत अंग, तेच नाक. पण शिंग एकच. दुसरं काढलं होतं ते प्रत ठेवल्यानंतर.

सगळे हौसाबाईंकडे बघायला लागले.

"बघताय काय?" त्या म्हणाल्या. "शिंगवाला हितंच हाय की." आणि त्यांनी गेंद्याची मान धरून चाचांकडे वळवली.

चाचांनी पिकअपच्या बॅटरीवर दुसरं शिंग काढलं. पहिल्यापेक्षा चांगलं आलं असं ते अजून म्हणतात. मी फाईल आधी पेनड्राइव्हवर घेतली, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, मग माझ्या फोनवर. लाईट आली तेव्हा शेठनी चालू कामाचा एक माग थांबवून त्यावर मेंढा चढवला. आम्ही सगळे मागाशी उभे राहिलो. आधी खूर आले, मग पोट, मग मान. दोन्ही शिंगं विणून झाली तेव्हा हौसाबाईंनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

ते मशीन मी नंतर साफ केलं, नवी डिस्क घातली, आणि ते अजून चालतं. हल्लीची मशीनं उघडताच येत नाहीत, सगळं चिकटवलेलं असतं. बिघडलं की फेका. माझ्या धंद्याचं पुढे काय हे मला दिसतं, आणि त्याचं वाईट वाटतं. पण त्या दिवसासारखा एक दिवस पदरात पडला की तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

लग्नाला हौसाबाईंनी मला आणि चाचांना आग्रहानं बोलावलं. आम्ही शेठच्या गाडीतून नातेपुत्याला गेलो. मांडव भरलेला, ऊन कडक. घोंगडी अंथरली, तिच्यावर हौसाबाईंनी स्वतः चादर पसरली, सुरकुती काढली, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. समोर मुलीची आई. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

ऋतुजाला आणलं. ती चादरीपाशी येऊन थांबली. खाली बघत राहिली.

"बस की, बाळा," कुणीतरी म्हणालं.

"ह्याच्यावर नाही बसणार मी," ती म्हणाली.

चाचांनी माझं मनगट धरलं. हौसाबाईंचा जबडा आवळलेला मला लांबून दिसला. मुलीची आई पुढे झाली, "ऋतुजा, अगं, असं काय..."

"आई, ह्याच्या तोंडावर पाय कसा देऊ? किती सुंदर काढलाय." तिनं वाकून चादर उचलली, झटकली, आणि शालूवरून खांद्याभोवती घेतली. दुसरं टोक तिनं बिरूच्या खांद्यावर टाकलं. मग आत्याकडे बघून विचारलं, "आत्या, मी घोंगडीवर बसले तर चालेल ना?"

हौसाबाई आठवडाभर उत्तरं तयार करून आल्या होत्या. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही.

"बस," एवढंच त्या म्हणाल्या.

दोघं घोंगडीवर बसली. त्या उन्हात सोलापुरी चादर पांघरून बसणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. बिरूच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ऋतुजाचं कुंकू पसरलं होतं, पण चादर दोघांपैकी कुणी काढेना. हौसाबाई तिच्या बाजूला बसून पदरानं वारा घालायला लागल्या. थोड्या वेळानं मुलीची आई उठली, जावयाच्या बाजूला येऊन घोंगडीच्या कडेवर बसली, आणि हातातल्या लग्नपत्रिकेनं त्याला वारा घालायला लागली.